जीआरई-टोफेलचा स्कोर पाठवला, तरी विद्यापीठाचं पोर्टल 'अवेटिंग'च दाखवतंय? आधी हे तपासा

तुमची तक्रार यातली नेमकी कोणती, ते आधी बघा.

– ईटीएसच्या (जीआरई आणि टोफेल या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या) खात्यात रिपोर्ट पाठवल्याची तारीख दिसते, पण विद्यापीठाच्या पोर्टलवर जीआरईसमोर अजून 'अवेटिंग'च आहे.
– टोफेल पोहोचला, जीआरई नाही. किंवा उलट.
– स्कोर आलाय, पण जुना. दुसऱ्यांदा दिलेल्या परीक्षेचा पत्ताच नाही.
– अर्ज करून, फी भरून महिना झाला आणि आता त्याच विद्यापीठाकडून ईमेल येतंय की आमच्याकडे अर्ज करायचा विचार आहे का?
– डिपार्टमेंट म्हणतं ग्रॅड स्कूलला (विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागाला) विचारा, ग्रॅड स्कूल म्हणतं ईटीएसला विचारा, ईटीएस म्हणतं आम्ही केव्हाच पाठवलाय.

चौथं लक्षण बहुतेक जण जाहिरात समजून डिलीट करतात. ते ईमेल जपून ठेवा. निदानाला त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. का, ते पुढे येईलच.

मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका सरकारी विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात नोंदी जुळवायचं काम करते. अर्ज एका वाटेने येतात, स्कोर दुसऱ्या वाटेने. जे आपोआप जुळत नाहीत ते आमच्या टेबलावर येतात. दर हिवाळ्यात त्यात पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूरकडची नावं भरपूर असतात, आणि बिघाड जवळजवळ नेहमी तोच असतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते: स्कोर सहसा हरवलेला नसतो. तो आमच्याकडे आलेला असतो आणि बेवारस पडलेला असतो. त्यामुळे घाबरून दुसरा रिपोर्ट विकत घेऊ नका. ज्या नावावर पहिला आला त्याच नावावर दुसराही येणार आणि पहिल्याच्या शेजारी जाऊन पडणार. जीआरईच्या एका जादा रिपोर्टला तीस डॉलरच्या वर जातात. सात-आठ विद्यापीठांना अर्ज केला असेल तर हिशोब करून बघा.

स्कोर येतो कसा

हे समजलं की पुढच्या तपासण्या का करायच्या ते वेगळं सांगावं लागत नाही. ज्यांनी आमच्या विद्यापीठाचा कोड निवडला, त्या सगळ्यांची मिळून ईटीएस एक फाइल तयार करतं. फाइलमध्ये एका माणसाची एक ओळ: आडनाव, नाव, जन्मतारीख, पत्ता, ईमेल, परीक्षेची तारीख, गुण. आमचा संगणक ती फाइल उचलतो आणि प्रवेशाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालतो, बहुधा रात्री. अमेरिकेत पुष्कळ विद्यापीठांकडे यासाठी टेक्नोल्यूशन्स कंपनीचं स्लेट असतं. पुढे माहिती बॅनर किंवा पीपलसॉफ्ट अशा मोठ्या प्रणालीत जाते. (बॅनरवाल्या कार्यालयांत या कामाला अजूनही 'टेप लोड' म्हणतात. एके काळी गुण मॅग्नेटिक टेपवर यायचे. टेप गेली, नाव राहिलं.)

आता गोम इथे आहे. त्या फाइलमध्ये तुमच्या अर्जाचा क्रमांक नसतो. ईटीएसला तो माहीत असण्याचं कारणच नाही. आमच्याकडे ईटीएसचा क्रमांक असेल तर तुम्ही अर्जात लिहिला म्हणूनच. म्हणजे या दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत, हे सॉफ्टवेअरने ठरवायचं कशावरून? नाव, जन्मतारीख आणि ईमेल. बस.

तिन्ही जुळलं की स्कोर तुमच्या अर्जाला चिकटतो आणि पोर्टलवर हिरवी खूण येते. अर्धवट जुळलं तर नोंद माणसाने बघायच्या यादीत जाते. काहीच जुळलं नाही, तर सॉफ्टवेअर समजतं की हा कुणीतरी नवाच विद्यार्थी आहे, त्याने अजून अर्ज केलेला नाही. ते त्याची नवी नोंद उघडतं, आणि या 'नव्या' विद्यार्थ्याला अर्ज करण्याचं आमंत्रण आपोआप जायला लागतं. वरचं चौथं लक्षण ते हेच. ते ईमेल आलं याचा अर्थ तुमचा स्कोर आमच्याकडे सुखरूप आहे, फक्त आमच्या लेखी तुम्ही दोन माणसं झाला आहात.

तपासणी पहिली: स्कोर मुळात लागतो का?

हसू नका. गेल्या काही वर्षांत कित्येक अभ्यासक्रमांनी जीआरईची अट काढली किंवा ऐच्छिक केली. काही ठिकाणी अर्जाच्या वेळी तुम्ही स्वतः भरलेले गुण चालतात आणि ऑफिशियल रिपोर्ट प्रवेश मिळाल्यावर मागतात. एमआयटी पदवीच्या प्रवेशाला सॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण असेच घेतं, पडताळणी नंतर. पोर्टलची चेकलिस्ट मात्र सरसकट सगळ्यांसाठी बनवलेली असते, त्यामुळे न लागणारी गोष्टही 'अवेटिंग' म्हणून दिसत राहते. तुमच्या डिपार्टमेंटच्या पानावर काय लिहिलंय ते वाचा. विद्यापीठाचं सर्वसाधारण पान आणि डिपार्टमेंटचं पान यांत फरक असेल तर डिपार्टमेंटला एक ओळीचं ईमेल करून विचारा. फुकट आहे, दोन मिनिटांचं काम आहे, आणि बऱ्याच जणांची तक्रार इथेच मिटते.

दुसरी: दिवस मोजा

जीआरई संपली की क्वांट (गणित) आणि व्हर्बलचे (भाषेचे) अनधिकृत आकडे स्क्रीनवर दिसतात आणि मुलं त्याच संध्याकाळी पोर्टल उघडून बसतात. त्या आकड्यांत निबंधाचे गुण नसतात. निबंध तपासून झाल्याशिवाय तुमची ओळ फाइलमध्ये येतच नाही. २२ सप्टेंबर २०२३ पासून जी छोटी जीआरई सुरू झाली, तिचे अधिकृत गुण यायला ८ ते १० दिवस लागतात. त्यानंतर फाइल येणार, रात्री चढणार, जुळणार आणि मग पोर्टल बदलणार. तेव्हा परीक्षेपासून किमान पंधरा दिवस आणि ईटीएसने पाठवल्याच्या तारखेपासून कामाचे पाच-सात दिवस, एवढा धीर धराच.

यात अमेरिकेची सुट्टी धरा. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार थँक्सगिव्हिंगचा, त्याला जोडून शुक्रवार. नाताळ ते नवं वर्ष तर बरीच कार्यालयं बंदच असतात. संगणक फाइल घेत राहतो, पण अर्धवट जुळलेल्या नोंदींकडे बघायला माणूस नसतो. १५ डिसेंबरची मुदत असलेले अर्ज आणि नाताळची सुट्टी एकमेकांना लागून येतात, त्यामुळे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे ढीग साचलेला असतो. परीक्षा मुदतीच्या आत दिलेली असेल, तर रिपोर्ट नंतर पोहोचला तरी बहुतेक ठिकाणी चालतं. पण हे त्या त्या विद्यापीठाच्या पानावर वाचूनच खात्री करा, मैत्रिणीच्या अनुभवावर जाऊ नका.

तिसरी: ईटीएसचं खातं नीट वाचा

'पाठवलाय' असं मुलं सांगतात आणि खातं उघडायला लावलं की काही वेगळंच निघतं. तीन गोष्टी बघा.

पहिली, रिपोर्ट खरंच कुणाला गेला का. जीआरईला चार विद्यापीठं फुकट निवडता येतात, पण ती परीक्षेच्या दिवशीच, परीक्षा संपल्यावर, तिथल्या तिथे. त्या वेळी डोकं शिणलेलं असतं, मुलं 'नंतर बघू' म्हणून पुढे जातात, आणि ती सवलत तिथेच संपते. टोफेलची फुकट निवड परीक्षेच्या आधी करायची असते. दोन्हीच्या पद्धती वेगळ्या असल्यामुळेच 'टोफेल पोहोचला, जीआरई नाही' हे लक्षण इतकं दिसतं.

दुसरी, कोणत्या तारखेची परीक्षा गेली. जीआरईमध्ये फक्त ताजा स्कोर पाठवायचा, सगळे पाठवायचे, की (नंतर पैसे भरून पाठवताना) हवा तो निवडायचा, ही मोकळीक तुम्हाला असते. पोर्टलवर जुनाच स्कोर दिसत असेल तर बहुधा नवा त्या विद्यापीठाला पाठवलेलाच नसतो. एकदा पाठवलं म्हणजे पुढचे आपोआप जातात असा समज आहे. तसं काही होत नाही. दर परीक्षेचा रिपोर्ट वेगळा पाठवावा लागतो.

तिसरी, मुदत. जीआरई ५ वर्षं, टोफेल २ वर्षं. मुदत उलटलेला स्कोर ईटीएस पाठवत नाही. नोकरी करून मग एमएसला निघालेल्यांचं टोफेल इथे अडकतं.

खात्यात स्कोर 'होल्ड'वर किंवा तपासणीत असल्याचं दिसलं तर पुढच्या पायऱ्या सोडा आणि शेवटच्या भागावर जा.

चौथी: कोड

चार आकडी कोड. त्यातला एक आकडा चुकला की स्कोर व्यवस्थित पोहोचतो, फक्त दुसऱ्या विद्यापीठात. पण टायपिंगची चूक क्वचित होते. जास्त घोटाळा होतो तो सारख्या नावांमुळे. युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस म्हणून यादीत शोधलं तर ऑस्टिनचा कोड ६८८२, डॅलसचा ६८९७, आर्लिंग्टनचा ६०१३. तिन्ही वेगळी विद्यापीठं आहेत, एकाकडचा स्कोर दुसरीकडे आपणहून जात नाही. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन सिएटलला, तर वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी सेंट लुइसला. मायामी युनिव्हर्सिटी ओहायोत, युनिव्हर्सिटी ऑफ मायामी फ्लोरिडात. काही विद्यापीठांत पदवीचा कोड वेगळा आणि पदव्युत्तरचा वेगळा असतो.

कोड घ्यायचा तो विद्यापीठाच्या प्रवेशाच्या पानावरून. क्लासने दिलेल्या यादीवरून किंवा सीनियरच्या एक्सेल शीटवरून नाही. डिपार्टमेंट कोडचा फार बाऊ करू नका. बऱ्याच ठिकाणी स्कोर विद्यापीठाच्या कोडवर एकत्रच येतात आणि डिपार्टमेंटचा आकडा कुणी बघतही नाही.

कोड चुकला असेल तर मात्र इलाज नाही. गेलेला रिपोर्ट वळवता येत नाही, पैसे भरून नव्याने पाठवायचा. दुसऱ्यांदा पैसे भरणं योग्य ठरतं ते इथे, आणि वरच्या तपासणीत रिपोर्ट गेलेलाच नव्हता असं निघालं तर.

पाचवी: नाव

इथपर्यंत सगळं ठीक निघालं असेल तर बिघाड नावात आहे असं धरून चाला.

ईटीएसमधलं नाव आणि अर्जातलं नाव समोरासमोर ठेवा. आठवणीतून नको, दोन्हीकडे लॉगिन करून, अक्षर न अक्षर. कुठल्या रकान्यात काय आहे तेही बघा, कारण सॉफ्टवेअर रकाने ताडून बघतं. पूर्ण नाव वाचून 'हो, तीच ही' असं ओळखणं माणसाला जमतं.

आपल्याकडचा पहिला घोळ आडनाव आधी लिहिण्याचा. बोर्डाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर नाव आडनावापासून सुरू होतं आणि लहानपणापासून सगळे फॉर्म आपण तसेच भरतो. मग 'फर्स्ट नेम'समोर हात सवयीने पाटील लिहून मोकळा होतो. ईटीएसमध्ये पासपोर्ट बघून बरोबर भरलेलं असतं, विद्यापीठाच्या अर्जात रात्री दोन वाजता उलटं. आमच्या पडद्यावर डावीकडे सायली पाटील, उजवीकडे पाटील सायली. मला दिसतं, सॉफ्टवेअरला दिसत नाही.

दुसरा, वडिलांचं नाव. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये सायली संजय असं एकत्र छापलेलं असतं. ईटीएसला ते तसंच गेलं. अर्जात मात्र मधल्या नावाचा वेगळा रकाना होता, म्हणून संजय तिकडे गेलं. काही ठिकाणचे नियम पहिली काही अक्षरंच ताडतात, त्यात हे निभावतं. जिथे पूर्ण रकाना ताडतात तिथे अडकतं.

तिसरा घोळ सगळ्यात चिवट: पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा आणि सगळं नाव 'गिव्हन नेम'मध्ये. अशा वेळी एका फॉर्मवर संपूर्ण नाव आडनावाच्या रकान्यात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी टिंब, डॅश किंवा 'एफएनयू' येतं, म्हणजे 'पहिलं नाव अज्ञात'. दुसऱ्या फॉर्मवर हेच नाव तीन तुकड्यांत सुटसुटीत. या दोन नोंदींत जन्मतारखेखेरीज काहीच समान उरत नाही. तुमचा पासपोर्ट असा असेल आणि हातात वर्षभर असेल, तर पासपोर्ट आधी दुरुस्त करून घ्या आणि मग परीक्षेला नोंदणी करा. व्हिसापासून बँकेपर्यंत पुढे सगळीकडे तो नडतो. पण परीक्षा होऊन गेली असेल तर ऐन हंगामात नाव बदलायच्या भानगडीत पडू नका. दोन वेगळ्या पासपोर्टांची दोन नावं झाली की गुंता वाढतो.

चौथा, स्पेलिंग. सायली इंग्रजीत किती प्रकारे लिहितात बघा: वायनंतर ए घालून, न घालता, शेवटी आय, शेवटी दोन ई. वैभवची सुरुवात व्हीने की डब्ल्यूने, चौधरीत ए किती, लक्ष्मीत एक्स की के-एस-एच. आधारवर एक, पासपोर्टवर दुसरं, असंही असतं. घरी कुणाला त्याचं काही वाटत नाही, कारण मराठीत नाव एकच आहे.

पाचवा, लग्न. जीआरई लग्नाआधी दिली, अर्ज लग्नानंतर केला. आपल्याकडे आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं आणि काही घरांत पहिलंसुद्धा. जीआरई पाच वर्षं चालते, त्यामुळे हे प्रकरण वाटतं तितकं दुर्मीळ नाही.

या पाचांवर उपाय एकच. ईटीएसकडे परीक्षेनंतर नाव बदलून मागत बसू नका. अर्जात 'अदर नेम' किंवा 'प्रीव्हियस नेम' असा रकाना बहुतेक ठिकाणी असतो. बहुसंख्य मुलं तो कोरा सोडतात, माहेरचं नाव असलेल्या मुलीसुद्धा. ईटीएसमध्ये नाव जसं आहे तसंच्या तसं, टिंब असेल तर टिंबासकट, तिथे लिहा. अर्ज सबमिट झाला असेल तर ईमेलमधून कळवा (कसं, ते खाली आहे). आणि कृपा करून दुसरा अर्ज भरू नका. मग तुमच्या तीन नोंदी होतात, आणि कुठली खरी हे ठरवायला आम्हाला दोन ईमेलं आणखी लिहावी लागतात.

सहावी: जन्मतारीख

अमेरिकेत महिना आधी, तारीख नंतर. ५ जुलैला जन्मलेल्याने आपल्या सवयीने ०५/०७ लिहिलं की इथे तो ७ मे होतो. १३ किंवा त्यापुढच्या तारखेला जन्मलेले सुटतात, कारण तेरावा महिना नसल्यामुळे फॉर्मच चूक दाखवतो. १ ते १२ तारखांना फॉर्म निमूटपणे स्वीकारतो. तारीख आणि महिन्याचा आकडा सारखाच असलेले बारा दिवस वजा केले, तरी वर्षातले १३२ दिवस या जाळ्यात येतात. तुमचा वाढदिवस त्यात असेल तर नावाच्याही आधी हे बघा. नाव थोडं इकडेतिकडे असलं तरी जन्मतारीख बरोबर असेल तर नोंद निदान माणसाने बघायच्या यादीत येते. जन्मतारीखही चुकली की ती तिथेही येत नाही, थेट 'नवा विद्यार्थी' होते.

शाळेच्या दाखल्यावर एक तारीख आणि पासपोर्टवर दुसरी, अशीही घरं आहेत. परीक्षा आणि अर्ज दोन्हीकडे पासपोर्टवरचीच वापरा.

सातवी: ईमेल

ईटीएसचं खातं वडिलांच्या किंवा कन्सल्टन्सीच्या ईमेलवर, अर्ज स्वतःच्या जीमेलवर. हा प्रकार फार बघते. ईमेल जुळलं असतं तर नावातला छोटा फरक बऱ्याचदा निभावून गेला असता. कन्सल्टन्सीचं एकच ईमेल पंधरा-वीस मुलांच्या खात्यांवर असेल तर त्याचा ओळखायला उपयोग शून्य. शिवाय ते 'अर्ज करायचा विचार आहे का' ईमेल त्यांच्याकडे जातं, तुमच्या निदानाचा पुरावा तुम्हाला दिसतही नाही. ईटीएसच्या खात्यात स्वतःचं ईमेल घाला, पुढच्या रिपोर्टला कामी येईल. आधी गेलेल्या फाइलमध्ये अर्थातच बदल होत नाही.

बाकीच्या परीक्षांबद्दल थोडक्यात. आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत टीआरएफवरचा (निकालपत्रावरचा) क्रमांक टाकून विद्यापीठ निकाल स्वतः पडताळू शकतं, त्यामुळे अडलं तर आधी तो क्रमांक कळवा. इलेक्ट्रॉनिक प्रत मागितली असेल तर ती विद्यापीठाच्या नेमक्या कोणत्या खात्याला गेली ते बघा, एकाच विद्यापीठाची यादीत चार-पाच नावं असू शकतात. ड्युओलिंगोच्या इंग्रजी परीक्षेचा निकाल कितीही ठिकाणी फुकट पाठवता येतो, म्हणून तिथे चूक झाली तर सरळ पुन्हा पाठवा, विचार करू नका. सॅटवाल्यांनी कॉलेज बोर्डाची (सॅट घेणाऱ्या संस्थेची) आपली दोन खाती तर झाली नाहीत ना ते बघावं. शाळेतून पीएसएटी (सॅटची पूर्वपरीक्षा) देताना एक उघडलेलं असतं, नंतर घरून दुसरं उघडलं जातं, आणि स्कोर दोघांत वाटले जातात. ती एकत्र करून देणं कॉलेज बोर्डाच्याच हातात आहे.

आठवी: ईमेल लिहा, पण असं लिहा

'माझा स्कोर मिळाला का, कृपया लवकर कळवा' एवढ्या ईमेलचं आम्ही काही करू शकत नाही. आम्ही पुन्हा अर्जातल्याच नावाने शोधतो आणि पुन्हा काही सापडत नाही. शोधायला लागतं ते ईटीएसकडचं नाव. म्हणून ईमेलमध्ये ओळीने एवढं द्या: अर्जाचा क्रमांक आणि अर्जातलं नाव, ईटीएसमधलं नाव (रकान्यांसकट), जन्मतारीख (महिना अक्षरात लिहून), ईटीएसच्या खात्यावरचं ईमेल, परीक्षेची तारीख, नोंदणी क्रमांक, कोणत्या कोडवर कोणत्या दिवशी पाठवला. ते 'अर्ज करा' ईमेल आलं असेल तर तेही जोडा. त्यावरून दुसरी नोंद मिनिटभरात सापडते.

जुळवणं हे आमच्या बाजूने खरोखर छोटं काम आहे. दोन्ही नोंदी शेजारी उघडायच्या, पत्ता-फोन-शाळा बघायची, खात्री झाली की एकत्र करायच्या. वेळ जातो तो शोधण्यात.

स्कोरची पीडीएफ जोडायला हरकत नाही, तिच्यावरून आम्हाला शोधता येतं, पण ती ऑफिशियल धरली जात नाही. पासपोर्टचं स्कॅन ईमेलने पाठवू नका. आम्ही मागितलं तर पोर्टलवर अपलोड करायला सांगू. आणि ईमेल ग्रॅड स्कूलच्या प्रवेश कार्यालयाला करा, प्रोफेसरांना नाही. त्यांच्याकडे या नोंदी उघडायची सोयच नसते. एकच ईमेल चार पत्त्यांवर पाठवलं तर चौघांनाही वाटतं दुसरा बघतोय.

इथे थांबा

पुढच्या परिस्थितीत स्वतः काही करू नका.

ईटीएसच्या खात्यात स्कोर होल्डवर किंवा तपासणीत दिसत असेल, विशेषतः घरून दिलेल्या परीक्षेत, तर आम्ही काही करू शकत नाही आणि रिपोर्ट पुन्हा विकत घेऊनही काही होत नाही. थेट ईटीएसशी बोला. विद्यापीठाला एवढंच कळवा की परीक्षा अमुक तारखेला दिली आहे आणि निकाल प्रलंबित आहे.

पोर्टलवर स्कोर दिसतोय पण आकडे तुमचे नाहीत, असं झालं तर त्याच दिवशी कळवा, गुण जास्त असले तरी. जुळ्या भावंडांत हे होतं: आडनाव एक, जन्मतारीख एक, पत्ता एक, फोन एक, आणि आपल्याकडे नावंही हौसेने एकाच अक्षरावरून ठेवलेली. सायली आणि सानिका सॉफ्टवेअरने एकच करून टाकल्या तर त्या सोडवणं नाजूक काम आहे, कारण एकीची कागदपत्रंही दुसरीच्या नोंदीत गेलेली असतात. जुळी असाल तर अर्ज करतानाच दोघांनी कार्यालयाला कळवून ठेवा.

'विद्यापीठात आमची ओळख आहे, स्कोर लावून देतो' असं म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका आणि ईटीएसचा पासवर्डही देऊ नका. ओळखीने करण्यासारखं यात काही नाही.

मुदतीला दोन दिवस उरलेत आणि ईमेलला उत्तर नाही, तर फोन करा. हिवाळ्यात इथल्या मध्य भागातली कार्यालयं सकाळी ९ वाजता उघडतात तेव्हा भारतात रात्रीचे साडेआठ झालेले असतात. पूर्व किनाऱ्याला साडेसात, पश्चिमेला साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर हे सगळं एक तास अलीकडे येतं. उघडल्या उघडल्या पहिल्या अर्ध्या तासात फोन लवकर लागतो. फोन विद्यार्थ्यानेच करायचा. अर्जदाराची माहिती आम्ही दुसऱ्या कुणाला देत नाही, वडिलांनासुद्धा नाही, आणि 'मी तिचा बाबा बोलतोय, तिची परीक्षा चालू आहे' म्हटलं तरी नाही. समोर ईटीएसचं खातं उघडं ठेवा आणि नाव विचारलं की आधी तिथलं नाव सांगा, एकेक अक्षर सुटं करून.